अबुधाबी विरुद्ध रियाध, मुक्काम कोपरखैरणे

शनिवार, ४ नोव्हेंबर २०२३

६ तारखेला नेरुळला मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल हा फुटबॉलचा सामना बघायचा बेत ठरला तेव्हा नेमार येणार होता. ऑगस्टमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेचे, गट पडले, मुंबई सिटी आणि नेमारचा रियाधचा संघ अल हिलाल एकाच गटात आले, आणि आमच्या पेठेत त्या रात्री कोणी लवकर झोपलं असेल असं वाटत नाही. कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिना हे दोन मुख्य पक्ष, बाकीचे पक्ष त्यानंतर. मग १७ ऑक्टोबरला उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला आणि ठरवलेली गाडी एका दिवसात रिकामी झाली. "आता काय मित्रोविचला बघाय जायचं?" म्हणून पोरं घरी बसली. अल हिलालच्या त्याच मित्रोविचनं २३ तारखेला मुंबईच्या जाळ्यात तीन गोल टाकले होते आणि सामना ६-० सुटला होता. तरी त्याच्यासाठी भाडं खर्च करायची कुणाची तयारी नव्हती.

मी निघालो, कारण मला वेगळीच उत्सुकता होती. अल हिलालचा ७५ टक्के हिस्सा त्या जूनमध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीनं घेतला होता. मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा तेव्हा, २०१९ पासून, सिटी फुटबॉल ग्रुपकडं (मँचेस्टर सिटीही त्यांचाच), म्हणजे अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्याकडं होता, आणि हे शेख अमिरातींचे उपराष्ट्राध्यक्षही. कागद बघितला तर सामना अबुधाबी विरुद्ध रियाध, मैदान फक्त नेरुळचं. त्यात ३१ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियानं नाद सोडला आणि २०३४ च्या विश्वचषकाच्या यजमानपदाला सौदी एकटाच इच्छुक उरला. बिनविरोध! आमच्याकडं विकास सोसायटी बिनविरोध झाली तरी पारावर विचारतात, कुणाला काय मिळालं? फिफानं तर इच्छुकांना अर्ज भरायला पुरते चार आठवडेही दिले नव्हते.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं आधीचे काही दिवस एसटीचा भरवसा नव्हता. २ तारखेला मनोज जरांगे यांनी उपोषण मागं घेतलं आणि गाड्या सुटायला लागल्या. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. पनवेल ओलांडल्यावर हवेत धुळीचा पडदा होता, बेलापूरचे डोंगर धड दिसत नव्हते. वाशी हायवेला उतरलो आणि रिक्षानं कोपरखैरणे.

मामा इथं माथाडींच्या वसाहतीत राहतात. सिडकोनं बांधलेली एका खोलीची घरं होती, त्यांचे आता तीन-तीन मजले झालेत. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आपल्या डाळीला लागावी. मामा शिराळ्याचे, उभी हयात कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहिलेली. मान अजून डावीकडं थोडी झुकलेली असते.

"कुणाची म्याच हाय म्हणलास?"

मी सांगितलं. मालकी कुणाची तेही सांगितलं.

"म्हंजे दोन्हीकडनं मालकच खेळणार. मग गडी कुणाचं?"

गडी कुठले, हा प्रश्न रात्रीच्या जेवणापर्यंत पुरला. मामींनी भाकरी आणि वाळवलेल्या बोंबलाची चटणी केली होती. जेवण झाल्यावर शेजारचे एक काका येऊन बसले. ते रत्नागिरीकडचे, चार वर्षं दोह्याला होते. २०२२ च्या कतार विश्वचषकासाठी बांधलेल्या लुसैलच्या स्टेडियममध्ये एसीचे डक्ट टाकणाऱ्या टोळीत.

मी बावळटासारखा पहिला प्रश्न मृत्यूंचाच विचारला. २०२१ मध्ये 'गार्डियन'नं छापलं होतं की यजमानपद मिळाल्यापासून दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेचे साडेसहा हजारांहून अधिक कामगार कतारमध्ये मेले. त्यात सगळे स्टेडियमवरचे नव्हते, सगळ्या कामांवरचे आणि सगळ्या कारणांनी मेलेले होते. कतारच्या आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी पुढं एका मुलाखतीत ४०० ते ५०० म्हणाले. काकांनी दोन्ही आकडे शांतपणे ऐकून घेतले.

"मेलेल्यांचा आकडा सगळे विचारतात," ते म्हणाले, "जिवंत होते त्यांचा पगार वेळेवर झाला का, हे कोण विचारत नाही. माझा दोनदा तीन-तीन महिने थकला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. जाणार कुठं?"

मग लुसैललाच झालेली अर्जेंटिना-फ्रान्सची फायनल. ती त्यांनी इथंच, याच खुर्चीत बसून बघितली. कॅमेरा वर गेला की ते छताखाली आपलं काम शोधायचे. "एकदा दिसलं," म्हणाले, आणि चेहरा असा खुलला की मला पुढं काही विचारता येईना. मी त्यांना बळी समजून बोलत होतो. ते स्वतःला कारागीर समजत होते.

मामांना मात्र पासपोर्टवाली गोष्ट पचली नाही. "मंडळ न्हवतं का तिथं?" माथाडी माणसाला मंडळ नसलेलं काम कळतच नाही. अण्णासाहेब पाटलांनी टोळ्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. कामगार आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या, पण पैसे मंडळातून. "मालक रोज बदलायचा. पैसं कुठनं येणार ते बदलत न्हवतं." आखातातली कफाला पद्धत बरोबर याच्या उलटी: मालक एकच, आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडं काम नाही. कतारनं ती परवानगीची अट २०२० मध्ये काढली, मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल केलं. तोवर बहुतेक स्टेडियम उभी राहिली होती.

झोपण्याआधी मी मामांना इन्फान्टिनोंचं भाषण सांगितलं. कतारमध्ये स्पर्धेच्या आदल्या दिवशी फिफाचे अध्यक्ष म्हणाले होते की आज मला कतारी असल्यासारखं वाटतंय, अरब असल्यासारखं वाटतंय, स्थलांतरित कामगार असल्यासारखं वाटतंय.

"एक गोण उचलून बघ म्हणावं," मामा म्हणाले आणि दिवा घालवला.

रविवार, ५ नोव्हेंबर

मामेभाऊ महापेला आयटीत आहे आणि मँचेस्टर सिटीचा भक्त. फेब्रुवारीत प्रीमियर लीगनं सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवलेत, त्यावर त्याचं उत्तर तयार असतं: "दादा, सिद्ध कुठं झालेत?" आमचे काही नेतेही हेच म्हणतात, असं मी म्हटल्यावर तो रुसला. पण सकाळी घणसोलीला घेऊन गेला.

तिथं एका मोकळ्या प्लॉटवर त्याची जुनी मित्रमंडळी खेळतात. खडी, मधेच काँक्रीटचा गठ्ठा, गोलपोस्टच्या जागी दोन दगड. टर्फ जवळच आहे, पण तासाचं भाडं दहा जणांनी वाटून घेतलं तरी कॉलेजच्या पोरांना रोज परवडत नाही. टर्फवाल्यांनी फुटबॉल वाढवला हे खरं. आणि पैसे नसणाऱ्या पोराला कडेला बसवलं, हेही खरं.

घणसोलीतच सेक्टर १२ च्या बाजूला शासकीय क्रीडासंकुलासाठी वीस एकर जागा २००३ पासून राखून ठेवलेली. संकुल झालं नाही. जागेतला काही भाग खासगी बिल्डरकडं गेला आणि २०२१ मध्ये सरकारनं ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगावजवळ नाणोऱ्याला हलवायचं. म्हणजे घणसोलीच्या पोरानं सरावाला शंभर किलोमीटरवर जायचं! वास्तुविशारदांच्या संस्थेनं याविरुद्ध कोर्टाचं दार ठोठावलं होतं. मी गेलो तेव्हा निकाल लागायचा होता. पुढं जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. शहरात थोडी तरी हिरवी जागा सोडा, असा त्या सुनावणीतला सूर होता.

या जागेपासून फार लांब नाही तिथं रिलायन्सच्या आवारात रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, २०१५ पासूनची. पोरांना शिष्यवृत्तीवर घेतात, शिकवतात, खेळाडू घडतायत. चांगलीच गोष्ट आहे. पण ती निवडक पोरांसाठी. जी पोरं कधीच व्यावसायिक होणार नाहीत, ज्यांना फक्त संध्याकाळी दोन तास पळायचंय, त्यांची सोय करणं हे कंपनीचं काम नव्हे. ते आपण ज्यांना निवडून देतो त्यांचं. अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा, २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून गेला हे आमच्याकडं अभिमानानं सांगतात. प्रबोधिनीत जायच्या आधी कुठंतरी फुकटचं मैदान लागतं.

खेळणाऱ्यांत एक घणसोली गावातला आगरी मुलगा होता. खेळ थांबल्यावर पाणी पिता पिता तो सहज बोलून गेला, "आमच्या आजोबांची जमीन शहरासाठी गेली. शहर झालं. आता आम्ही खेळायला जागा विचारली तर बोलतात, जागा नाय." नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भाव मागायला उतरलेल्या शेतकऱ्यांवर जासई भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्या रक्तातून आली. खेळात राजकारण आणू नका असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, बॉल ठेवायला जी जमीन लागते ती कशातून येते?

दुपारनंतर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोलकात्यात भारत-दक्षिण आफ्रिका, विराटचा वाढदिवस आणि एकदिवसीयमधलं ४९ वं शतक. आपण २४३ धावांनी जिंकलो. मी मधेच "उद्याच्या सामन्याचं..." असं काढलं तर मामेभावाच्या दहा वर्षांच्या लेकीनं मला गप्प केलं. फुटबॉलवाल्यांनी क्रिकेटवर रुसायचं असतं अशी एक रीत आहे. मला ती कधी जमली नाही, मीही ओरडलो.

सोमवार, ६ नोव्हेंबर

दिवसा करण्यासारखं काही नव्हतं म्हणून दिल्लीचा श्रीलंका-बांगलादेश सामना लावून बसलो, आणि नेमकं तेच घडलं. अँजेलो मॅथ्यूज आला, हेल्मेटचा पट्टा तुटला, दुसरं मागवलं, तेवढ्यात शाकिबनं अपील केलं. टाइम्ड आउट, म्हणजे ठरल्या वेळेत खेळायला तयार नाही म्हणून बाद. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बाद झालेला पहिला माणूस.

घरात दोन तट. मामेभाऊ म्हणे, खिलाडूवृत्ती नावाची काही चीज आहे की नाही? मामा म्हणे, "नेम हाय तर हाय. मंडळात अंगठा उशिरा लावला तर माझा खाडा पडायचा, तवा कोण खिलाडू न्हवतं."

मी उरुग्वेचा लुईस सुआरेझ काढला. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला घानाविरुद्धचा उपउपांत्य सामना, शेवटच्या क्षणी गोलरेषेवर हातानं अडवलेला चेंडू. लाल कार्ड मिळालं, पेनल्टी मिळाली, असामोआ ग्याननं ती आडव्या दांड्यावर मारली आणि उरुग्वे पुढं गेला. सगळं नियमात. सुआरेझनं गुन्हा केला, दंड भरला, आणि दंड स्वस्त पडला. मला त्याचा राग येत नाही, नियम करणाऱ्यांचा येतो. आदल्या आठवड्यात सौदी एकटाच इच्छुक उरला तेही नियमातच बसतं. नियम कुणी, कधी आणि कुणाला बघून केले, एवढाच प्रश्न. याच्या दुसऱ्या टोकाला ते 'मला कामगार असल्यासारखं वाटतंय'. तिथं भावना भरपूर, नियम एकही नाही. मामांच्या आयुष्यात फरक पडला तो कुणाला त्यांच्यासारखं वाटलं म्हणून नव्हे, तर कायद्यात कलम आलं म्हणून.

संध्याकाळी लोकलनं नेरुळ. ठाणे-नेरुळ गाडीत मुंबईच्या आकाशी जर्सी कमी, पिवळ्या जास्त, पाठीवर नेमार. माणूस सौदीच्या संघाचा, तोही जायबंदी, आणि पोरं ब्राझीलची जर्सी घालून नवी मुंबईत. मला हे फार आवडलं, का ते सांगता येत नाही.

स्टेडियमला नाव डी. वाय. पाटलांचं. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबपचे, काँग्रेसचे आमदार होते, शिक्षणसंस्था काढल्या, पुढं त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल. २००८ मध्ये उघडलेलं हे खासगी स्टेडियम. देशातल्या बऱ्याच सरकारी मैदानांपेक्षा इथं बसायला बरं वाटतं, हे मान्य करावं लागतं. पहिल्या इंडियन सुपर लीगची फायनल इथंच झाली, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकाचा माली-स्पेन उपांत्य सामनाही इथंच.

रांगेत पुतणीचा प्रश्न: "काका, मुलींची मॅच पण इथे होते का?"

होते. झाली. जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकात भारतानं इथंच इराणशी ०-० बरोबरी केली, मग संघात कोरोना शिरला, पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या राहिल्या नाहीत आणि यजमान स्पर्धेबाहेर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल इथं झाली, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. पण ती स्पर्धा आपल्या हातून जवळजवळ गेली होती. भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक प्रफुल्ल पटेलांच्या काळात लांबत गेली, सर्वोच्च न्यायालयानं प्रशासक समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये फिफानं 'तिसऱ्याचा हस्तक्षेप' म्हणून भारतावरच बंदी घातली. अकरा-बारा दिवसांनी ती उठली. मग निवडणूक झाली, भायचुंग भुतियाला एक मत पडलं आणि भाजपचे कल्याण चौबे ३३ मतं घेऊन अध्यक्ष झाले. चौबे स्वतः गोलरक्षक होते, हे नमूद करायला हवं. मला खटकतं ते दुसरंच. आपल्या न्यायालयानं निवडणूक घ्या म्हटलं की फिफाच्या लेखी तो बाहेरचा हस्तक्षेप, आणि एका राज्यसत्तेनं आपल्या तिजोरीतून देशातले चार मोठे क्लब विकत घेतले की ती गुंतवणूक.

याच चॅम्पियन्स लीगमध्ये, महिनाभरच आधी, सौदीच्या अल इत्तिहादनं इराणमधल्या इस्फहानच्या स्टेडियमात उतरायला नकार दिला होता. मैदानाच्या वाटेवर इराणचे मारले गेलेले सेनाधिकारी कासिम सुलेमानी यांचा पुतळा होता. सामना झालाच नाही. राजकारण बाहेर ठेवायचं म्हणे.

पुतणीला मी यातलं दोन वाक्यांत सांगितलं. तिनं पॉपकॉर्न मागितलं.

सामना. पहिल्या अर्ध्यात मुंबईनं जे केलं ते मी विसरणार नाही. समोर नेव्हेस, कुलिबाली अशा नावांचा संघ, दोन आठवड्यांपूर्वी सहा गोल खाल्लेले, आणि मध्यंतराला ०-०. मुंबईच्या चाहत्यांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडचे ढोल थांबतच नव्हते. गोलरक्षक लाचेन्पानं प्रत्येक चेंडू अडवला की आमच्या मागचे एक आजोबा "शाब्बास रे वाघा" म्हणायचे. त्या पंचेचाळीस मिनिटांत अबुधाबी, रियाध, पंचाहत्तर टक्के, काही म्हणजे काही माझ्या डोक्यात नव्हतं. आकाशी जर्सीतली पोरं आपली होती. भांडवल कुणाचंही असो, धावताना दम त्यांचा लागत होता.

उत्तरार्धात मुंबईच्या मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं आणि खेळ एका बाजूला कलला. बासष्टाव्या मिनिटाला अल हिलालच्या मायकेलनं गोल केला. तो ब्राझीलचाच, त्यामुळं पिवळ्या जर्स्यांना क्षणभर कळेना की ओरडायचं की नाही; बरेच जण ओरडले. शेवटाकडं मित्रोविच. ०-२. दहा जणांनी सहा खाल्ले नाहीत, याचं कौतुक करत लोक बाहेर पडले. शेवटच्या लोकलला उभं राहायलाही जागा नव्हती आणि सगळा डबा गात होता.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

उशिरा उठलो. दुपारी बेलापूरला एका मित्राकडं जाऊन आलो. तिथून पेंधरला जाणारी मेट्रो बांधून, चाचण्या होऊन उभी होती, उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळत नाही म्हणून बंद. (दहा दिवसांनी ती कुठल्याही समारंभाशिवाय सुरू झाली. म्हणजे जमत होतं की!)

मामींनी शिदोरी बांधून दिली, मामा हायवेपर्यंत आले. नेरुळ एल. पी.ला गाडी मिळाली. पलीकडं वानखेडेवर ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान चालू होतं आणि बसमधला प्रत्येक फोन त्यावर. ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, हवेत २९२. सगळी बस अफगाणिस्तानकडून. मग मॅक्सवेलच्या पायात गोळे आले आणि तो उभ्याउभ्याच मारत सुटला.

शेजारी साताऱ्याचे एक शिक्षक होते. याच ऑस्ट्रेलियानं जानेवारीत अफगाणिस्तानशी ठरलेली एकदिवसीय मालिका रद्द केली होती, तालिबाननं मुलींचं शिक्षण आणि खेळ बंद केला म्हणून, हे मी बोलून गेलो. मालिकेत तत्त्व आणि विश्वचषकात गुण?

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण राशिद खानचा काय दोष? त्याच्यावर बहिष्कार टाकून काबूलची शाळा उघडणार आहे का?"

"नाही उघडणार. पण मालिका रद्द केली म्हणून आज आपण त्या शाळेबद्दल बोलतोय."

"बोलून काय होतं?"

"लुसैलच्या कामगारांबद्दल बोललं गेलं म्हणून ती परवानगीची अट निघाली."

"उशिरा निघाली, तुम्हीच म्हणालात."

मॅक्सवेल २०१ वर नाबाद राहिला तेव्हा आम्ही खेड शिवापूरच्या आसपास होतो. बसमध्ये आधी शांतता, मग टाळ्या. अफगाणिस्तानच्या बाजूनं बसलेल्यांच्याही.

"म्हणजे २०३४ ला सौदीतला वर्ल्ड कप तुम्ही बघणार नाही?" शिक्षकांनी विचारलं.

"बघणार की. शिव्या देत बघणार."

"मग बघूच नका ना."

"मी टीव्ही बंद केला तर फक्त मीच गप्प बसतो. रियाधला काय फरक पडतो?"

ते हसले, पण पटलं नव्हतं. बहिष्कारानं काही होत नाही असं मघापर्यंत तेच म्हणत होते, हे मी दाखवून दिलं. मीही बाजू बदलली, हे त्यांनी. खंबाटकीचा घाट गेला तरी वाद चालूच होता. सातारा आलं, ते बॅग काढता काढताही म्हणाले, "क्लब विकत घेणं आणि स्पर्धा भरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका." त्यावर मला बोलायचं होतं, पण कंडक्टरनं बेल मारली.